लाल ठिपक्याचे चंबू

६ जानेवारी

ती. मावशी,

पाया पडायला वाकले आहे असं समज. खरंच वाकले आहे, कारण हे पत्र मी टेबलाखाली मांडीवर ठेवून लिहितेय. इथे प्रयोगशाळेत माझ्या टेबलाला लागून शीळवाल्याचं, म्हणजे माझ्याबरोबरच्या एका मुलाचं टेबल आहे, मध्ये नुसता पुठ्ठ्याचा आडोसा. फोन केला तर शब्दन् शब्द त्याला ऐकू जाईल. जे असेल ते लेखी कळव, असं तू म्हणायचीस आणि मी तुझी टिंगल करायचे. आज तुझं पटलं.

माझ्या कामात कोणीतरी हात घालतंय.

मागच्या सुट्टीत मी माझं काम तुला समजावून सांगत होते आणि तू मध्येच घोरायला लागलीस, म्हणून पुन्हा सांगते. पेशीतला डीएनए म्हणजे लांबच लांब दोरा. सुटा ठेवला तर गुंता होईल, म्हणून पेशी तो प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळून ठेवते, प्रत्येक रिळावर जेमतेम पावणेदोन वेढे. गुंडाळलेला भाग वाचता येत नाही. एखादं जनुक वाचायची वेळ आली की तिथली रिळं बाजूला करावी लागतात, आणि ती काही आपोआप सरकत नाहीत. त्यासाठी पेशीत खास यंत्रं असतात, इंधन जाळून रिळं ढकलणारी. मी त्यांना हमाल म्हणते. प्रबंधात तसं लिहिलं तर बाई लाल पेन काढतात. बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख.

मी पाव फुगवायच्या यीस्टवर काम करते. त्याला फॉस्फेट नावाचा क्षार लागतो. पोट भरलेलं असलं की एक ठरावीक जनुक रिळांखाली बंद असतं. फॉस्फेट मिळेनासं झालं की रिळं हटतात, जनुक उघडतं आणि पेशी मिळेल तिथून फॉस्फेट ओरबाडायला लागते. माझं म्हणणं असं की हे जनुक उघडायला एक विशिष्ट हमाल लागतोच लागतो. तो हमाल नसलेल्या पेशी मी तयार केल्या आणि उपाशी ठेवल्या. त्यांचं जनुक बंदच राहिलं. शेजारी साध्या पेशी उपाशी ठेवल्या, त्यांचं उघडलं. सव्वाचार वर्षं काही धड दिसत नव्हतं, आणि सप्टेंबरपासून हे असं लख्ख दिसायला लागलं. बाई पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या. मेअखेर प्रबंध द्यायचा आहे आणि पाच वर्षांचं सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे.

आणि गेल्या तीन आठवड्यांत दोनदा सगळं उलटं झालं. साध्या पेशी बंद, हमाल नसलेल्या उघड्या. बिघडलं असतं तर समजू शकले असते. पण हे नीटनेटकं उलटं आहे. असं आपोआप होत नाही मावशी. कोणीतरी माझे चंबू अदलाबदल करतंय. (चंबू म्हणजे काचेचे फ्लास्क. आमच्याकडे बाटल्या धुणाऱ्या काकू चंबू म्हणतात, मला तोच शब्द आवडतो.)

मी काय करू ते सांग. आईला बोलू नकोस.

तुझी,
खारू

१४ जानेवारी

चि. खारूस,

अनेक आशीर्वाद, पैकी अर्धे अक्षर सुधारण्यासाठी.

मी घोरत नव्हते. डोळे मिटून ऐकत होते. आणि तुझी ती रिळं मला तुझ्या बाईंपेक्षा आधी कळली आहेत. एकतीस वर्षं मी इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. तिथली कपाटं रुळांवर होती, एकमेकांना चिकटून उभी. प्रत्येकाला एक चाक. चाक फिरवलं की दोन कपाटांमध्ये माणूस जाईल एवढी वाट उघडायची आणि बाकीच्या सगळ्या बंद व्हायच्या. फाइल आत असून उपयोग नाही, वाट उघडी पाहिजे. आणि वाट उघडी आहे की नाही, हे चाक ज्याच्या हातात त्याच्यावर. तेव्हा तुला चाकावर कोणाचा हात आहे हे शोधायचं आहे, एवढंच.

आता मी विचारते त्याची उत्तरं दे, फाफटपसारा नको. चंबू रात्रभर कुठे असतात? त्या जागेची किल्ली कोणाकोणाकडे? तुझं काम बुडालं तर कोणाचं तरतं? कोणी अलीकडे तुझ्याशी उगीच गोड वागतंय का? गोड वागणाऱ्यावर आधी लक्ष ठेव. आणि बाईंनाही सोडू नकोस, पाच वर्षांनी हसणारी बाई मला पटत नाही.

चंबू ठेवतेस त्या कपाटाच्या दारावर डोक्यातला एक केस आडवा चिकटव, दोन्ही टोकांना थुंकी लावून. सकाळी तुटलेला दिसला तर दार उघडलं गेलं. मी हे अकरा वर्षं केलं आहे. माझे केस विरळ का झाले असं तुझी आई विचारत असते, तिला सांगू नकोस.

मावशी

२७ जानेवारी

ती. मावशी,

केस तीनदा चिकटवला. तिन्ही वेळा तुटला.

तुझे प्रश्न. चंबू एका गरम कपाटात असतात, ते रात्रभर हळूहळू हलत राहतं, पेशी तळाशी बसू नयेत म्हणून. कपाटाला कुलूप नाही. खोलीचं कार्ड सहा जणांकडे आहे. माझं काम बुडालं तर तरणारा एकच, शीळवाला. नाव पडलं ते तो काम करताना सतत शीळ घालतो म्हणून. एकच सूर, तोही कायम मध्येच तोडलेला. तो त्याच जनुकावर काम करतो आणि त्याचं म्हणणं माझ्या नेमकं उलट आहे. एक हमाल नसला तर दुसरे त्याचं काम उचलतात, कोणावाचून काही अडत नाही, असं त्याचं मत. सप्टेंबरपासून बाई त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. आणि मावशी, मी खोलीत शिरले की त्याची शीळ बंद होते. हे मी आठ दिवस मोजून पाहिलं आहे.

गोड वागणारं कोणी नाही. बाटल्या धुणाऱ्या काचकाकू तेवढ्या माया करतात, पण त्या सगळ्यांवरच करतात. माझ्या चंबूंवर ओळखायला लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे, ते त्या वेगळे काढून लख्ख करून देतात. त्यांच्यावर संशय घ्यायचा तर मग मांजरावरही घ्यावा लागेल.

काल तर कहरच झाला. शीळवाला माझ्या टेबलाशी उभा होता. मी विचारलं, "काय पाहिजे?" म्हणतो, "स्टेपलर." स्टेपलर त्याच्या हातात होता! सकाळी माझ्या टेबलावरून नेला होता म्हणे, परत ठेवायला आला होता. किती सफाईने बोलतात ही माणसं.

तिसऱ्यांदा उलटं झालंय. मला झोप नाही. बाई म्हणाल्या, "तुझ्या हातात काही गडबड आहे का बघ." माझ्या हातात!

खारू

५ फेब्रुवारी

चि. खारू,

हातात गडबड म्हणाल्या म्हणजे गोष्ट निकरावर आली. आता गप्प बसलीस तर दोष तुझ्या अंगाला चिकटेल. जो आधी लिहितो त्याचं खरं मानलं जातं, हा कचेरीचा नियम आहे. तेव्हा पुढीलप्रमाणे अर्ज कर. शब्द बदलू नकोस.

"माझ्या प्रयोगांचे निष्कर्ष अमुक तारखेपासून तीन वेळा उलटले. ही गोष्ट पेशींच्या स्वभावाने होण्याजोगी नाही. ज्या कपाटात माझे चंबू असतात ते माझ्या गैरहजेरीत उघडले गेल्याचे मी स्वतः तपासले आहे. ज्यांच्या मताला या उलट निष्कर्षांचा फायदा होतो अशी एकच व्यक्ती त्या खोलीत आहे. मी कोणावर आरोप करत नाही. तथापि चौकशी होईपर्यंत त्या व्यक्तीस खोलीत प्रवेश असू नये."

"मी कोणावर आरोप करत नाही" हे वाक्य विसरू नकोस, सगळा जोर त्यात आहे. एक प्रत स्वतःकडे ठेव. पोच घे.

स्टेपलरचं मला पटलेलं नाही.

मावशी

२० फेब्रुवारी

ती. मावशी,

अर्ज दिला. बाईंनी दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "भाषा चांगली आहे." मग दार लावून घेतलं.

चौथ्या दिवशी शीळवाल्याचं कार्ड बंद झालं. चौकशी पुरी होईपर्यंत त्याने ग्रंथालयात बसायचं, प्रयोग करायचा नाही. त्याच्या पेशी कोणी बघायच्या, हे कोणी बोललं नाही, आणि मीही विचारलं नाही. तो सामान घ्यायला आला तेव्हा मी खोलीत एकटीच होते. एक खोकं, त्यात एक मग, स्वेटर, वह्या. जाताना म्हणाला, "तुला खरंच असं वाटतं?" मी वहीत बघत बसले. सूक्ष्मदर्शकातून बघत असते तर बरं दिसलं असतं, पण तो पलीकडच्या खोलीत आहे.

खोली शांत झाली आहे. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटतंही आहे, पण जेवण जात नाही.

चौकशीसाठी बाईंनी सप्टेंबरपासूनच्या सगळ्या चंबूंची यादी मागितली आहे. मी ती नीट लिहून काढली आणि एक प्रत तुला पाठवतेय. तारीख, पेशी कोणत्या, कुठल्या चंबूत, जनुक उघडं की बंद. तीस ओळी आहेत, सगळ्या उपाशी ठेवलेल्या पेशींच्या. डिसेंबरात माझे काही ठिपकेवाले चंबू फुटले, त्यानंतर हाताला येईल तो, माझा ठिपक्याचा किंवा सगळ्यांच्या वापरातला साधा, घेतला आहे, म्हणून तो रकाना जरा गिचमिड आहे. बेरजा-तारखा तू एकदा तपास. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही.

खारू

३ मार्च

चि. खारू,

यादी मिळाली. अक्षर सुधारलं आहे.

गुडघा दुखतो. इथे ऊन फार आहे. डोळ्यांत औषध घालते, त्यामुळे सध्या लिहिणं कमी.

मावशी

२५ मार्च

ती. मावशी,

तीन ओळी? ऊन आणि गुडघा? एकतीस वर्षांत तू रजेचा अर्जसुद्धा तीन ओळींत लिहिला नसशील. आईला फोन केला तर ती म्हणते तुझे डोळे ठणठणीत आहेत, परवाच सुईत दोरा ओवलास. मग झालं काय? माझं काही चुकलं का?

इकडे मला वेड लागायची वेळ आली आहे. शीळवाला जाऊन महिना झाला आणि गेल्या आठवड्यात पुन्हा उलटं झालं. मी कपाटापाशी खुर्ची टाकून सकाळपासून बसले होते. पेशी उपाशी ठेवल्यापासून बाहेर काढेपर्यंत नजर हलवली नाही. पाण्याची बाटलीसुद्धा सोबत नेली होती. तरी उलटं. म्हणजे त्याचा कोणी साथीदार आहे. रखवालदाराकडे सगळ्या खोल्यांची कार्डं असतात. आणि बाई? बाईंनी अर्ज वाचून "भाषा चांगली आहे" असं का म्हणावं? तू म्हणाली होतीस, बाईंनाही सोडू नकोस.

मला आता कोणाचा भरवसा वाटत नाही. तुझा वाटतो. म्हणून तू तरी लिही.

खारू

३ एप्रिल

चि. खारू,

डोळ्यांना काही झालेलं नाही. महिनाभर हे पत्र लिहायचं टाळत होते. माझी अशी सवय नाही, म्हणून आता सरळ विचारते.

तुझी यादी मी पहिल्याच दिवशी वाचली. तू ती पेशींच्या रकान्याने वाचतेस, कारण तुझं सगळं लक्ष पेशींवर. मी चंबूंच्या रकान्याने वाचली, कारण आम्ही आजार बघत नसू, फाइल कुठल्या कप्प्यात गेली ते बघत असू. तीस ओळींत पंधरा चंबू लाल ठिपक्याचे. पंधराही बंद. पंधरा साधे, पंधराही उघडे. आत कुठल्या पेशी होत्या याने तसूभर फरक पडलेला नाही. डिसेंबरपर्यंत तू हमाल नसलेल्या पेशी कायम लाल ठिपक्यात ठेवायचीस आणि साध्या पेशी बिनठिपक्याच्या चंबूत, म्हणून तुझं म्हणणं खरं दिसत होतं. चंबू फुटले, पेशी इकडच्या तिकडे गेल्या, आणि म्हणून उलटं दिसलं. कोणी काही अदलाबदल केलेलं नाही. लाल ठिपक्याच्या चंबूत पेशींना पोटभर मिळतंय, एवढंच खरं.

आता ते चंबू कोणाचे? तुझे. ठिपका कोणाच्या नेलपॉलिशचा? तुझ्या. सव्वाचार वर्षं काही दिसत नव्हतं आणि एकाएकी लख्ख दिसायला लागलं, हेही तूच लिहिलंस.

खारू, त्या चंबूंत तू काही घालतेस का?

मला रागावून उत्तर दिलंस तरी चालेल, पण खरं दे. तू खोटं बोलशील असं मला वाटत नव्हतं. यादी वाचल्यावर वाटलं. तीन ओळींच्या पत्रात हे लिहिता येईना, आणि दुसरं काही सुचेना.

आणि केसाचं म्हणशील, तर ते कपाट सगळ्यांचं आहे. केस तुटणारच होता. मला ते तेव्हाच कळायला हवं होतं.

मावशी

१७ एप्रिल

मावशी,

तुझं पत्र वाचून मी ते फाडलं. मग तुकडे गोळा करून चिकटपट्टीने जोडले, कारण तो पंधराचा हिशेब मला पुन्हा बघायचा होता. तुला माझ्याबद्दल असं वाटलं. वाटू शकलं. दिवसभर मी फक्त हेच घोकत होते. लहानपणापासून सगळ्या घरात माझी बाजू घेणारी तू एकटी, आणि तुला वाटलं की मी पाच वर्षांचं काम खोटं उभं करीन आणि वर दुसऱ्याचं नाव घेईन. दुसऱ्या दिवशी राग जरा उतरला तेव्हा लक्षात आलं, शीळवाल्याला नेमकं असंच वाटलं असेल. त्यालाही मी विचारलं नव्हतं. तू निदान विचारलंस.

मी त्यात काही घालत नाही. पण यादी खरं सांगते. म्हणून मी चार रिकामे चंबू घेतले, दोन ठिपक्याचे, दोन साधे. चारींत शुद्ध पाणी ओतून रात्रभर ठेवलं आणि सकाळी त्या पाण्यात फॉस्फेट आहे का ते तपासलं. साध्यांत नाही. ठिपकेवाल्या दोन्हींत आहे. चंबू कपाटात नव्हतेच, माझ्या खोलीत माझ्या उशाशी होते. तेव्हा रखवालदार सुटला, बाई सुटल्या, सगळे सुटले.

मग मी धुण्याच्या खोलीत गेले. बाहेर ट्रॉली उभी होती, आत वाफ आणि मोठमोठे नळ. काचकाकूंनी सगळ्यांच्या बाटल्या संस्थेच्या साबणाने यंत्रात लावल्या आणि माझे चंबू बाजूला घेतले. मग स्वतःच्या पिशवीतून एक डबा काढला. घरून आणलेली भांड्यांची पावडर. कोमट पाण्यात ती कालवून माझे चंबू त्यात बुडवले. मी विचारलं, "काकू, हे काय?" त्या खुशीत म्हणाल्या, "हे खास तुझ्यासाठी गं. संस्थेचा साबण अगदी पुचाट. यात रात्रभर ठेवले की बघ कसे चमकतात. ऑगस्टपासून असंच करते." मी डबा फिरवून बघितला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक होते आणि त्यात फॉस्फेट होतं. संस्थेचा साबण पुचाट आहे, कारण तो मुद्दाम फॉस्फेट नसलेला आणतात. नंतर काकू नळाच्या पाण्याने विसळायच्या. काचेला जे उरतं ते डोळ्याला दिसत नाही, पेशींना पुरतं.

ऑगस्टपासून का, ते तुला सांगायला हवं. ऑगस्टात माझा एक प्रयोग फसला होता आणि मी व्हरांड्यात सगळ्यांसमोर ओरडले होते, "चंबू घाण असले तर माझ्या प्रयोगाचं काय होणार!" काकू तिथेच ट्रॉली घेऊन उभ्या होत्या. हे मी तुला आधी लिहिलं नव्हतं.

आता खरी गोष्ट ऐक. शीळवाला निर्दोष आहे, हे मी बाईंना सांगायला हवं. पण सांगायचं तर साबणाचं सांगावं लागेल. आणि साबणाचं सांगितलं की सप्टेंबरपासूनचं माझं सगळं गेलं. हमाल नसलेल्या पेशी बंद राहिल्या त्या हमाल नव्हता म्हणून नाही, उपाशीच नव्हत्या म्हणून. माझ्याकडे प्रबंधात घालायला दुसरं काही नाही. मेअखेरीला सहा आठवडे उरलेत. काकू उद्यापासून संस्थेचा साबण वापरतील, मी तसं सांगू शकते, आणि जुनी यादी कोणी चंबूंच्या रकान्याने वाचणार नाही. चौकशी अशीच विझून जाईल, त्याला कार्ड परत मिळेल. कोणाचंच फार नुकसान नाही. असं मी काल रात्रभर स्वतःला सांगितलं.

तू सांग. तू सांगशील तसं करते.

खारू

२४ एप्रिल

चि. खारू,

मी सांगणार नाही.

फेब्रुवारीत मी तुला शब्दन् शब्द सांगितला आणि एका मुलाला खोकं उचलायला लावलं. त्या अर्जातलं एकेक वाक्य माझं होतं. मला तो लिहिताना मजा आली होती, हे तुला कळू दे. निवृत्त झाल्यापासून कोणी मला कशातच विचारत नव्हतं, आणि तू विचारलंस तेव्हा मी कंबर कसून बसले. त्या मुलाचं साधं नावही विचारलं नाही, शीळवाला एवढंच मला पुरलं. आणि नंतर तुझ्यावर संशय घेतला तो त्याच सवयीने. मला क्षमा कर असं म्हणायला जड जातं, म्हणून लिहून टाकते. मला क्षमा कर.

पुढचं पत्र तुझं तू लिही. एकच विचारते, आणि त्याचं उत्तर मला द्यायची गरज नाही. त्या ऑगस्टच्या दिवशी चंबू खरंच घाण होते का?

मावशी

१९ मे

ती. मावशी,

नव्या खोक्यातले चंबू घेतले, शुद्ध पाण्याने सहा वेळा विसळले, कुठेही ठिपका नाही. हमाल नसलेल्या पेशी उपाशी ठेवल्या. मनातून मी देवाला काय काय कबूल करत होते ते लिहीत नाही. जनुक उघडलं. पाच वेळा केलं, पाचही वेळा उघडलं. दोनदा वीसेक मिनिटं उशिरा, बाकी अगदी वेळेवर. त्या हमालावाचून काही अडत नाही. शीळवाला बरोबर होता.

मी बाईंकडे गेले ते हे सगळं लिहून. तुझी भाषा नव्हती, त्यामुळे पान वेडंवाकडं झालं. पहिलं वाक्य "मी ज्याच्याबद्दल लिहिलं होतं त्याने काहीही केलेलं नाही" असं होतं. बाईंनी वाचलं आणि विचारलं, "किती वेळा केलंस?" पाच, म्हटलं. म्हणाल्या, "प्रबंध या वर्षी होणार नाही." मी हो म्हटलं. मी दाराशी पोचले तेव्हा म्हणाल्या, "ही यादी मीही बघितली होती. चंबूंचा रकाना वाचायला हवा होता." तुझा त्यांच्यावरचा संशय आता मागे घे.

शीळवाला परवा आला, खोकं घेऊन. त्याच्या पेशी तीन महिने कोणी बघितल्या नाहीत, त्या मेल्या. त्याला सगळं पहिल्यापासून करावं लागणार. मी त्याच्या टेबलाशी जाऊन बोलले, जे बोलायचं ते सगळं. त्याने ऐकून घेतलं. "बरं," म्हणाला. माझ्याशी पुन्हा बोलेल असं वाटत नाही. शीळही घालत नाही. ती बंद झालेली मी मोजत होते, आता चालू व्हायची वाट बघते, आणि ते बोलायला तोंड नाही.

राहिल्या काकू. साबण बदला एवढं बाईंची नोटीस सांगू शकली असती, पण ती लागायच्या आधी मी गेले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांना द्यायचं होतं. त्या हातमोजे घालत होत्या. मी म्हटलं, "काकू, ऑगस्टात मी ओरडले ना, त्या दिवशी चंबू घाण नव्हते. पोटभर ठेवायच्या पेशींना फॉस्फेट घालायला मीच विसरले होते. संध्याकाळी माझ्या लक्षात आलं होतं. पण सगळ्यांसमोर बोलून गेले होते, म्हणून गप्प बसले."

काकू म्हणाल्या, "माहीत आहे गं. तू गेल्यावर मी एकेक चंबू उजेडाला धरून बघितला होता. स्वच्छ होते."

"मग घरून पावडर कशाला आणलीत?"

त्यांनी मोजा नीट ओढून घेतला आणि म्हणाल्या, "तू म्हणालीस ना, म्हणून."

तुझी,
खारू